कढीपत्त्याच्या पिंपातली गाठ

आमच्या लॅबमध्ये लोक गर्भाशयं कशाकशातून घेऊन यायचे, हे सांगितलं तर आज कुणाचा विश्वास बसणार नाही. लोणच्याच्या बरणीतून यायची, जेवणाच्या डब्यातून यायची, एकदा तर मिठाईच्या खोक्यातून आलं होतं, दुकानदाराची सुतळी वर तशीच बांधलेली. नव्वदच्या दशकातली सुरत. छोट्या छोट्या दवाखान्यांत ऑपरेशनं व्हायची आणि पद्धत अशी, की डॉक्टर काढलेला भाग आधी ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवणार, मग फॉर्मलिनमध्ये बुडवून त्यांच्याच हाती देणार: जा, अमुक लॅबमध्ये तपासायला देऊन या. फॉर्मलिन म्हणजे ते डोळ्यांत पाणी आणणारं औषध, त्यात मांस सडत नाही. नातेवाईक बिचारे मांडीवर बरणी आणि तोंड रिक्षाच्या बाहेर, अशा अवस्थेत येऊन पोचायचे. काउंटरवर मी. बरणी घ्यायची, चिठ्ठी चिकटवायची आणि फॉर्मलिन कमी असलं की त्या माणसाला चार शब्द सुनवायचे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. अजूनही फार लांब गेलेला नाही.

मी लिंबायतची. आईवडील पोटासाठी खानदेशातून सुरतेला आले, वडील एका डाइंग मिलमध्ये रंग कालवायचं काम करायचे. मी बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स केला तेव्हा चाळीतल्या बायकांना वाटलं, पोरगी डॉक्टर झाली. वडिलांना मात्र माझं काम बरोबर कळलं होतं. गाठीचा तुकडा स्पिरिटमध्ये ठेवून त्यातलं पाणी काढायचं, मग तो झायलीन नावाच्या द्रावणात बुडवायचा, मग वितळलेल्या मेणात घालून त्याची वडी पाडायची. त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि एकदा जांभळ्या, एकदा गुलाबी रंगात बुडवायचे. मग आमचे सर ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवून सांगणार, गाठ साधी की वाईट. हे सगळं ऐकून वडील म्हणाले होते, "म्हंजे तू बी रंगारीच." इतक्या कौतुकाने म्हणाले की मी एकदाही उलट बोलले नाही.

सर म्हणजे लॅबचे मालक, पॅथॉलॉजिस्ट, अस्सल सुरती म्हातारे गृहस्थ. अस्सल सुरती म्हणजे शिवी दिल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच व्हायचं नाही. माणसाला त्यांनी कधी शिवी दिली नाही. शिवी असायची ती यंत्राला, विजेला, बोथट सुरीला, हवेला, आणि सकाळी उशिरा आलेल्या दुधाला. नवीन मुलगी म्हणून पहिल्या आठवड्यात मी लाल व्हायचे. दुसऱ्या महिन्यात मला शिवीच्या सुरावरून कळायला लागलं, की काच चांगली निघाली की वाईट.

प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षीचा हिवाळा. म्युनिसिपालिटीने शहर झाडून-घासून लख्ख केलं होतं, लिंबायतच्या बोळांतसुद्धा सिमेंट आलं होतं. त्या हिवाळ्यात माझ्या आईला काहीतरी होतंय, हे मला चाळीतल्या संडासाच्या रांगेतून कळलं.

आई दिवसभर फरशीवर बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. अंगाने वाळलेली शेवग्याची शेंग. दुखलं-खुपलं सांगायची तिला सवयच नाही. ताप आला तर उन्हात जाऊन बसणार आणि म्हणणार, ऊन लागलं. पण चाळीत सोळा खोल्यांना संडास तीन. एके दिवशी समोरची काकू मला जिन्यात अडवून म्हणाली, "तुझ्या आईला सांग बाई, दिवसातून दहा-दहा वेळा रांगेत उभी राहते, आम्ही जायचं कधी?" मी आधी काकूशी भांडले. मग आईला पकडून खाटेवर आडवं केलं आणि तिच्या पोटावर हात ठेवला. खाली, अगदी मधोमध, लहान शहाळ्याएवढं काहीतरी होतं. माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला आणि तिथे भीती येऊन बसली.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"तुनी नोकरी लागनी ना, तवयपासून," आई म्हणाली. नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं.

आमच्या लॅबला नेहमी काम पाठवणाऱ्या एक गुजराती डॉक्टरीणबाई होत्या, सगळे त्यांना बेन म्हणायचे. त्यांनी आईला तपासलं, पाळी बंद होऊन किती दिवस झाले ते विचारलं. दोन वर्षं. त्यांच्या कपाळाला एक आठी पडली. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं: गर्भाशयात गाठी होणं बायकांमध्ये अगदी नेहमीचं, पण पाळी गेली की त्या गाठी आपोआप आकसतात. हिची वाढते आहे. म्हणून बघायला हवं.

मग सोनोग्राफी. तिथला डॉक्टर पडद्यावर काठीने दाखवायला लागला, कारण मी त्याच धंद्यातली. नेहमीची गाठ काळपट दिसते. ही चकचकीत पांढरी होती. तो म्हणाला, असं पांढरं चरबी असली की दिसतं. अंडाशयाच्या एका गाठीत चरबी असते, पण ही तर गर्भाशयाच्या आत बसलीय. मग काय आहे? त्याने खांदे उडवले. अर्धवट ज्ञान फार वाईट. आईला फक्त पोट दिसत होतं, मला पोटाच्या आतलं शंभर पुस्तकांतलं वाईट दिसत होतं. वाईट गाठींमध्येही चरबी असते, हे मी कोर्सच्या पुस्तकात वाचलेलं नेमकं तेव्हाच आठवलं. आठवायचं ते परीक्षेत कधी आठवलं नव्हतं.

बेन म्हणाल्या, काहीही असलं तरी ती लघवीच्या पिशवीवर दाबतेय, वाढतेय, तेव्हा गर्भाशयासकट काढायची. काढल्यावर कळेल. साधी असली तर तिथेच विषय संपला. वाईट असली तर मुंबईला नेऊन शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावा लागेल, आणि पुढे मग बघू. हे "पुढे मग बघू" मी आईला सांगितलं नाही. वडिलांना सांगितलं. ते ड्यूटीला निघून गेले. मिलमध्ये त्या दिवशी त्यांनी हिरव्याच्या जागी निळा कालवला, असं त्यांच्या दोस्ताकडून कळलं.

आईची मोठी बहीण, माझी मावशी, धुळ्याकडच्या गावाहून आली. बरोबर दादर ज्वारीचं पीठ, लाल मिरच्या आणि ठाम मतं. दवाखान्यात आणि कोर्टात शहाण्या माणसाने पाय ठेवू नये, हे त्यातलं पहिलं. पण बहिणीवर जीव इतका, की ऑपरेशनच्या दिवशी पहाटेच आंघोळ करून दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि आत जाणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारायची, "मनी बहीण कशी शे?" ऑपरेशन अजून सुरूही झालं नव्हतं.

दुपारी बेननी आम्हाला आत बोलावलं. ट्रेमध्ये गर्भाशय, आणि बेननी त्यातली गाठ मधून कापून उघडली होती. मी त्या नोकरीत अशा कितीतरी गाठी पाहिल्या होत्या. सगळ्या पांढऱ्या, घट्ट, आतून वळ्या वळ्यांच्या. ही पिवळी होती. गाईच्या लोण्यासारखी पिवळी आणि मऊ. बेन म्हणाल्या, "आवुं में क्यारेय नथी जोयुं." मी असं कधी पाहिलं नाही. एवढ्या अनुभवी बाईने असं म्हटलं, आणि सगळं फॉर्मलिनच्या बरणीत बुडवून माझ्या हाती दिलं.

आई भुलीतून बाहेर येत होती, उलट्या होत होत्या, माझा हात सोडत नव्हती. वडिलांना संध्याकाळपासून रात्रभराची पाळी होती. म्हणून बरणी मी मावशीच्या हातात दिली. रिक्षावाल्याला पत्ता समजावला. मावशीला म्हटलं, "माझ्या लॅबमध्ये दे, सरांच्या हातात दे." मावशी लॅब ओळखत होती, आदल्याच दिवशी माझा डबा घेऊन आली होती. तिने मान हलवली, बरणी पदराखाली घेतली आणि गेली.

पुढचे दोन दिवस मी आईपाशी. नळ्या, सलाईन, ताप. पण मनात घोर एकच, आत्ता सर काच बघत असतील. तिसऱ्या दिवशी आई पेज प्यायली, मला म्हणाली, जा कामाला, मना तोंडाकडे काय दखी ऱ्हायनी. मी लॅबमध्ये गेले. सरांना विचारायचं टाळत काचा पुसत राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "तारी मम्मीनी बरणी क्यां छे? तू आणशील म्हणून मी थांबलोय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी चपलाही नीट न घालता रिक्षा पकडली. रस्ताभर मी मनात त्या रिक्षावाल्याला, ज्याने तिला नेलं होतं, सरांकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. बरणी कुठे पडली? कुठे राहिली? घरात शिरले तर मावशी भाकऱ्या थापत होती. आणि मोरीजवळच्या पाटीवर, घासलेल्या ताटल्यांच्या शेजारी, ती बरणी स्वच्छ धुऊन पालथी घातलेली.

"मावशी," मी म्हटलं, "ही बरणी?"

"दवाखानानी. चांगली शे. कैऱ्यासले व्हई."

"आनी त्यामा व्हतं ते?"

"गाडी दिधं," मावशी म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी किंचाळले. अशी किंचाळले की समोरची काकू लाटणं घेऊन आली. मावशी मात्र ढिम्म. आमच्याकडे बाळंतपण झालं की वार कुठेही टाकत नाहीत. हळद लावून, मीठ घालून, कुत्र्या-मांजराला उकरता येणार नाही अशी पुरतात. आंगचं जे ते मातीला द्यायचं, एवढा साधा नियम. "तुम्हना लोके तपासीसन गटारमा फेकतस," मावशी म्हणाली. "मना बहिणना आंगमानं शे ते. मी फेकू दिसू का?" आणि तपासायचं तरी काय? रोग पोटातून काढला, रोग गेला. गेलेल्या पाहुण्याची चौकशी कशाला करायची? 

"पण गाडलं कठे?"

इथे मावशीचा आवाज पहिल्यांदा चढला. कारण ती दवाखान्यातून आली त्या संध्याकाळी अख्ख्या लिंबायतमध्ये हातभर माती शोधत हिंडली होती. बोळात सिमेंट, रस्त्यावर डांबर, देवळाच्या आवारात फरशी. कसलं शहर तुमचं, माणसाने काही पुरायचं म्हटलं तर जागा नाही! अंधार पडला म्हणून बरणी तशीच झाकण लावून जिन्याखाली ठेवली. सकाळी आंघोळ करून, ते डोळ्यांत झोंबणारं पाणी मोरीत ओतून, चाळीत होती तेवढ्या एकाच मातीत तिने आपलं कर्तव्य पार पाडलं. ती माती म्हणजे वडिलांनी मिलमधून आणलेलं रंगाचं निळं पिंप. त्यात आईने कढीपत्ता लावला होता.

मी उलथनं घेतलं, काकूने पळी घेतली, वडील पाळीवरून येऊन नुकतेच झोपले होते त्यांना उठवून कढीपत्ता धरायला उभं केलं. चाळ जमली. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणत होती, "उकराले लाज नही वाटस?" आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण माझ्या तोंडाकडे बघून तिला आता कळायला लागलं होतं की आपल्या हातून काही भलतंच झालं. मी तिला तेव्हा सांगितलं. ओरडूनच सांगितलं, पण सगळं सांगितलं: गाठ वाईट असली तर तिची मुळं पोटात राहिलेली असू शकतात, आईला मुंबईला न्यावं लागेल, आणि ते फक्त या मांसाच्या तुकड्यावरून कळणार. मावशीने मला बाजूला ढकललं, पिंपाशी बसली आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागली. तिनेच पुरलं होतं, तिला जागा माहीत होती. लाल कापडाचं गाठोडं निघालं. आत हळद, मीठ, एक सुपारी, आणि आमचा सगळा जीव ज्यात अडकला होता ते.

लॅबमध्ये सरांनी गाठोडं सोडलं. मी अंग चोरून उभी. वाटलं, आज पहिल्यांदा शिवी माणसाला पडणार. सरांनी एक शिवी दिली, पण ती महापालिकेच्या सिमेंटला. मग चष्मा वर करून म्हणाले, "एक रात्र फॉर्मलिनमां रही छे ने? बस. तेनाथी बची गयुं. आणि तुझ्या मावशीच्या मिठाने उरलेलं काम केलं." आणि मग खरा पेच. गाठ पिवळी होती म्हणून तर सगळी काळजी, आणि आता सगळंच पिवळं होतं. हे गाठीचं की हळदीचं? सर हसायला लागले. मला रडू येत होतं तरी मीही हसले.

त्यांनी सुरीने नवीन काप घेतला. हळद वरवर होती, आतून गाठ स्वतःचीच पिवळी. एक तुकडा त्यांनी फॉर्मलिनच्या काचपात्रात टाकला. गर्भाशयाचा तुकडा तळाला जातो, हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की ते पाहणंही सोडून दिलं होतं. हा वर आला आणि तरंगत राहिला. "तर चरबी आहे," सर म्हणाले. "प्रश्न एवढाच, कुठली?"

चरबी पाहायची तर एक अडचण असते. आमच्या नेहमीच्या कामात स्पिरिट आणि झायलीन मिळून चरबी धुऊन टाकतात, काचेवर तिची फक्त भोकं उरतात. म्हणून सरांनी एक तुकडा धुतलाच नाही. कपाटामागचं जुनं गोठवायचं यंत्र काढलं, त्याचा गॅसचा सिलिंडर आम्ही सोडावाल्याकडून भरून आणत असू. तुकडा गोठवून काप घेतला आणि चरबीला चढणारा खास रंग त्यावर ओतला. काचेवर नारिंगी थेंबच थेंब उमटले. म्हणजे चरबीची खात्री झाली. बाकीचे तुकडे, एक-दोन नाही, चांगले दहा, मेणात गेले. वाईट पेशी एका कोपऱ्यात लपून बसतात, म्हणून सगळे कोपरे बघायचे.

दुसऱ्या दिवशी काप घ्यायला मी बसले. सर म्हणाले, आज दुसऱ्या कुणाला तरी बसवू. मी म्हटलं, माझ्या आईचं आहे, मीच घेणार. पण खरी अडचण वेगळीच निघाली. मेणाच्या वडीत लिंबायतची वाळू होती. सुरी फिरली की कर्र आवाज, आणि कापाला उभी चीर. सरांची सुरी, जी ते स्वतः तासन् तास दगडावर पाजळत, तिला तीन ठिकाणी दाते पडले. त्या दिवशी सरांनी मातीला, वाळूला आणि कढीपत्त्याला ज्या शिव्या दिल्या त्या मी आजही कुणाला सांगू शकत नाही. तरी दहाच्या दहा काचा झाल्या. मी त्या रंगवल्या, वाळवल्या आणि सरांपुढे ठेवल्या.

सर बघायला लागले. पहिली काच. दुसरी. एक शब्द नाही. चौथी, पाचवी. त्या माणसाला मी कधी इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. शिवी नाही, पुटपुटणं नाही, पंख्याला तक्रार नाही. सातव्या काचेला मला वाटलं, संपलं, सांगायचं कसं याचा विचार करतायत. दहावी काच त्यांनी खाली ठेवली, मायक्रोस्कोपपासून मागे सरकले आणि इतकी लांब, इतकी सणसणीत, इतकी प्रेमाने भरलेली शिवी दिली की माझा जीव भांड्यात पडला.

"दीकरी, आ तो पुस्तकवाळी गांठ छे!" त्यांनी मला ओढून स्टुलावर बसवलं. मी बघितलं. गुलाबी स्नायूंचे धागे एकमेकांत विणलेले, आणि त्यांच्या मधून मधून गोल पांढरी भोकं, जिथली चरबी धुऊन गेली होती. सर मागून सांगत होते. नेहमीची स्नायूची गाठ, पण तिच्यात चरबी तयार झालेली. लायपोलियोमायोमा. पाळी गेलेल्या बायकांत क्वचित होते. शिकताना वाचलं होतं, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. वेड्यावाकड्या पेशी कुठे आहेत? नाहीत. भराभर दुभंगणाऱ्या पेशी? दहा काचांत एक नाही. साधी गाठ. औषध नाही, शेक नाही, मुंबई नाही. हिचा इलाज म्हणजे ऑपरेशन, आणि ते तर होऊन गेलं. "घरे जा," सर म्हणाले, "अने मम्मीने कहे, सो वर्षनी थशे." शंभर वर्षं जगशील म्हणून सांग.

मी घरी गेले नाही, दवाखान्यात धावले. जिने चढून आईच्या खाटेपाशी पोचले आणि हुंदके देऊन रडायला लागले. आईने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे मला जवळ ओढलं.

"रडू नको," ती म्हणाली. "मले मालूम व्हतं. सगळा मरतस. मनी मोरपंखी साडी तू ठेव. पितळी भांडा मावशीले दे. आनी तुना बापले चहा कमी देत जाय..."

"माय!" मी ओरडले. "चरबी शे ती! नुसती चरबी! काही नही व्हयनं तुले!"

"कोनी चरबी?"

"तुनी!"

आईने आपलं मनगट वर धरून पाहिलं. ढिल्या बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. "मनी? मना आंगले चरबी?" शेजारच्या खाटेवरची बाई आधी हसली, मग नर्स, मग मी, आणि मग आई, पोटावर हात दाबून, "हसाडू नको वं, टाका दुखतस," म्हणत हसली. आयुष्यभर तिला सगळ्यांनी काटकी म्हणून हिणवलं होतं. जन्मात खाल्लेलं सगळं तूप कुठे साठवलं होतंस, असं वडिलांनी संध्याकाळी विचारलं. ते येताना घारी घेऊन आले होते. सुरतेची घारी म्हणजे तुपात बुडवून वर पुन्हा तुपाचा थर. चरबीची गाठ निघाली म्हणून तुपाची मिठाई वाटणारा माझा बाप एकमेव असेल. मावशीने दोन खाल्ल्या. मग लॅबमध्ये येऊन सरांपुढे उभी राहिली आणि उरलेलं परत मागितलं. काम झालं ना तुमचं? मग द्या. सरांनी त्याच लाल कापडात बांधून दिलं. ते घेऊन ती गावाला गेली, तिथे हातभर नाही, एकरभर माती होती.

दीड महिन्याने आई स्वतः लॅबमध्ये आली. ठेवणीतली साडी नेसून, केसांना तेल लावून. म्हणाली, मले दखनं शे. मी म्हटलं, काय बघायचंय त्यात. पण सर उठले, त्यांनी स्वतः काच लावली, स्टूल पुसलं आणि तिला बसवलं. तिला एक डोळा मिटता येईना. मी तिच्या डाव्या डोळ्यावर हात धरला. 

"हे मनं?" तिने विचारलं.

"हां."

"कितलं सुंदर रंगाडं शे," ती म्हणाली, आणि मला लाजल्यासारखं झालं. मी तिला सांगितलं, ही भोकं म्हणजे चरबी, आणि हे गुलाबी दिसतंय ना, ते तुझं गर्भाशय. ती डोळा न काढता ऐकत होती. मग तिने विचारलं,

"आते सांग, तू कोनती बाजूले व्हती?"

सरांना अहिराणी कळत नव्हती. त्यांनी मला गुजरातीत विचारलं, काय म्हणते? कापताना, रंगवताना, दहा काचा ओळीने मांडताना, मी कधी यात होते, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मी काच हळूच सरकवली, एकही भोक नसलेला, नुसता गुलाबी, घट्ट विणीचा भाग तिच्या डोळ्याखाली आणला.

"आठे," मी म्हटलं.

आई पुन्हा वाकली. "बराबर," ती म्हणाली. "याच आंगले लाथा मारे तू. लई मारे."